आधी खूर बघ!

मंडळी, बरेच दिवस इथे काही खरडलं नाही, कारण सगळे वीकांत बर्फात गेले. २००३ च्या दुष्काळात आटपाडीला टँकरपुढे कळशी घेऊन उभं राहिलेल्या पोराने बर्फावर पैसे उधळावेत, हे आईला अजून पटलेलं नाही. (आता टेंभूचं पाणी आलंय, पण सवयी जात नाहीत.) काय करणार, ऑनसाइटला सॉल्ट लेक सिटीत येऊन पडलोय आणि हापिसच्या खिडकीतून रोज वॉसॅचचे डोंगर दिसतात.

तर पहिला स्प्लिटबोर्ड घ्यायचा होता. स्प्लिटबोर्ड म्हणजे उभा चिरलेला स्नोबोर्ड. चढताना दोन अर्धुकं सुटी करून स्कीसारखी पायात घालायची, खाली केसाळ पट्ट्या चिकटवायच्या. केसांच्या दिशेमुळे फळी पुढे सरकते, मागे घसरत नाही. माथ्यावर पट्ट्या काढायच्या, अर्धुकं जोडायची आणि आडवं उभं राहून सुसाट खाली. म्हणजे पाय अडकवायचं जे बाइंडिंग असतं, त्याला दोन उलटी कामं. चढताना ते वहाणेसारखं हवं: चवडा धरलेला, टाच मोकळी. उतरताना पाय करकचून बांधायचे, वर दोन फळ्यांना एक करून धरायचं.

गंमत म्हणजे स्नोबोर्डची सुरुवातच दोन फळ्या जोडून झाली. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या शर्मन पॉपेनने मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या. त्याचा पुढे 'स्नर्फर' झाला. त्याला बाइंडिंग नव्हतंच, पुढची दोरी धरायची आणि देवाचं नाव घ्यायचं. १९७७ मध्ये व्हर्माँटात जेक बर्टनने कंपनी काढली, बोर्डावर पाय बांधायची सोय रुळली. मग जोडलेलं परत चिरायची बुद्धी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रेट कोबर्निकला झाली, इथेच यूटात. तो आपला नमुना घेऊन 'व्वाले' कंपनीकडे गेला. त्यांनी सुरुवातीला काय विकावं? चक्क किट! आपला धडधाकट बोर्ड आपणच करवतीने उभा कापायचा आणि त्यांचं हार्डवेअर बसवायचं. वॉरंटी गेली खड्ड्यात.

त्या हार्डवेअरमधली खरी अक्कल चकत्यांत आहे. प्रत्येक पायाखाली दोन चकत्या, एक या अर्धुकावर, एक त्या. बाइंडिंगखालची अॅल्युमिनियमची पट्टी दोन्हींवरून सरकवली की फळ्या सांधल्या. पुढून एक पिन घालायची. चढताना तीच पिन बिजागरी होते. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस ठरला आणि मग कुणाला तो मोडवेना.

खोट एवढीच की पट्टीवर साधं बाइंडिंग स्क्रूने बसवायचं. वजन वाढलं, पाय उंच गेला, सगळं डगडग हलायचं. २००६ मध्ये मोंटानातल्या बोझमन गावी विल रिटरने 'स्पार्क' सुरू केली आणि पट्टीलाच बाइंडिंगचा तळ केलं. पाय खाली आला, एक थर उडाला. २०१३ च्या सुमारास त्यांनी ती सुटी पिनही काढून टाकली, तिथे खटका आला. वॉशिंग्टन राज्यातल्या 'काराकोरम'वाल्यांनी चकत्या सोडून वेगळीच पकड काढली. ती दोन्ही फळ्या ओढून घट्ट आवळते.

पिन गेली याचं मला फार अप्रूप, कारण माझी गेली होती. गेल्या वर्षी एकाचा जुना संच मागून नेला. माथ्यावर थंडीने बोटं बधिर, पिन निसटली आणि भुसभुशीत बर्फात गडप. दोरी बांधायचं राहिलं होतं. ना फळ्या जोडता येईनात, ना त्या पायात स्की. दहा मिनिटांची उतरण मित्रासोबत कमरेएवढ्या बर्फात तीन तास तुडवली, तीही बर्फ लादलेल्या उताराखालून. वरचं निसटलं असतं तर आज हे लिहायला नसतो.

आटपाडीला कार्तिकात उत्तरेश्वराच्या जत्रेत जनावरांचा बाजार भरतो. लहानपणी आबांबरोबर जायचो. ते म्हणायचे, "शिंगं काय बघतुयास? आदी खूर बघ. वझं त्येच्यावरच पेलायचं हाय." मी आधी बोर्डांवरची चित्रंच बघत बसलो होतो!

शेवटी बोर्ड जुना घेतला, बाइंडिंग नवं, खटक्याचं, चकत्यांवरचं. काराकोरमची पकड जास्त घट्ट वाटली, पण हलणारे भाग जास्त. चकती-स्क्रू मला ओळखीच्या दुकानात सहज मिळतात. पिशवीत जादा स्क्रू, तार आणि स्क्रूड्रायव्हर आता कायम. वाचलेले पैसे बीकन, प्रोब आणि फावड्यात घातले. कोबर्निक स्वतः नंतर यूटा अॅव्हलांच सेंटरमध्ये हिमस्खलनाचा अंदाज सांगायचं काम करत होता, हे वाचल्यावर त्यात काटकसर करवेना.

आबांना फोटो पाठवला. बराच वेळ बघून म्हणाले, "खूर झ्याक हायती. पर ह्येला जुपायचं कुणाला?"