राक्षसाची दाढी

पाचवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला राक्षसाचं काम मिळालं. संवाद एकच, बाकी वेळ गडगडाटी हसायचं आणि शेवटी मरायचं. रंगभूषा करणाऱ्याने दाढी चिकटवली. लांब, मेंदी लावल्यासारखी तांबूस, आणि वरचा ओठ मात्र साफ. आरशात पाहिलं तर समोर आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील! ते तिसऱ्या रांगेत बसले होते. मी मेलो तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. मी पडल्यापडल्या एक डोळा किलकिला करून दादांकडे बघत होतो.

श्रोतेहो, त्या रंगभूषाकाराचा राग मला कधी आला नाही. त्याच्या पेटीत राक्षसासाठी तीच दाढी होती. पण सैतानाला चेहरा देतं कोण, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

मशिदीतल्या उस्तादांकडून ऐकलेल्या इब्लीसला चेहरा नव्हता. कुरआनातली त्याची गोष्ट थोडक्यात अशी. मातीच्या आदमपुढे झुकायचा हुकूम झाला. इब्लीस म्हणाला, मी आगीचा, हा मातीचा, मी श्रेष्ठ. म्हणजे त्याचा गुन्हा जन्माच्या अहंकाराचा. पुढे सूफींनी याच गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. इ. स. ९२२ मध्ये बगदादमध्ये ज्याला देहदंड झाला, त्या मन्सूर हल्लाजने लिहिलं की ईश्वराखेरीज कुणापुढेही न झुकणारा इब्लीस हा एकनिष्ठ भक्तच होता. आजही हजयात्रेत सैतानाला खडे मारतात, ते तिथल्या खांबांना. २००४ पासून खांबांच्या जागी लांब भिंती आहेत. चेहरा तिथेही नाही.

चेहरा रंगवला तो चित्रकारांनी. शेळीचे खूर असलेला सैतान बायबलमध्ये सापडत नाही. तो युरोपातल्या मध्ययुगीन चित्रांमधून रूढ झाला. ग्रीकांचा पॅन नावाचा रानदेव असाच, शेळीच्या पायांचा. एकाचा देव दुसऱ्याचा सैतान होतो, तो असा.

आपल्याकडे हे गोव्यात घडलं. तिथल्या हिंदूंचा 'देवचार' हा गावाचा राखणदार. रात्री शीव राखत फिरणारा. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त मात्र हाच शब्द सैतानासाठी आला. काय सुंदर मराठी लिहिली या इंग्रज माणसाने! पण शब्दाचं जे झालं ते झालं. एका गावात एकाच नावाला कुणी हात जोडतं, कुणी क्रूस काढतं.

आमच्या पुण्याची रीत मला उलटी दिसते. इथे हरलेल्याला हाकलत नाहीत, त्याला दारावर बसवतात. भुतांचा राजा वेताळ टेकडीवर देऊळ करून राहिला आहे. आजच्या गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठच. जेजुरीला खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांना मारलं. पण मणी शरण आला, आणि त्याची मूर्ती आज गडावर आहे. त्याच खंडोबाला आमची माणसं मल्लूखान म्हणत आली. आणि म्हसोबा! दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या वाटा पायी तुडवत हिंडले आणि त्यांनी मांडलं की शेंदूर फासलेला हा म्हसोबा म्हणजे महिषासुरच. देवीने ज्याला मारलं, तो काही ठिकाणी तिचा नवरा आहे. पुरंदर तालुक्यातल्या वीर गावी माघी पौर्णिमेला म्हस्कोबा आणि जोगेश्वरीचं लग्न लागतं. भाविक म्हस्कोबाला काळभैरव मानतात, कोसंबी वेगळं सांगतात. मी कवी माणूस, मला त्या लग्नाचंच कौतुक.

कोसंबींच्याही कितीतरी आधी हे दप्तर उघडलं होतं जोतीराव फुल्यांनी. त्यांचा वाडा गंज पेठेत, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी बळीला प्रजेचा न्यायी राजा ठरवलं आणि वामनाला कपटी. म्हसोबा म्हणजे त्यांच्या मते बळीचा 'महासुभा', मोठा अधिकारी. भाषाशास्त्री ही व्युत्पत्ती मानणार नाहीत, मलाही ती ओढूनताणून वाटते. पण राक्षस म्हणजे हरलेल्याला जिंकणाऱ्याने दिलेलं नाव, हे ऐकताच माझ्या हनुवटीला पाचवीतला डिंक पुन्हा खाजला.

मग श्रीगोंद्याचे शेख महंमद वाचले. सतराव्या शतकातला हा मुसलमान मराठी संत. त्यांच्या 'योगसंग्रामा'तली लढाई बाहेर नाहीच; शत्रू काम, क्रोध, अहंकार, आणि रणांगण आपलाच देह. त्या राक्षसाला कुठल्याच जमातीची दाढी लावता येत नाही.

त्या रात्री गॅदरिंगहून परतताना मी दादांचं बोट धरलं होतं. वाटेत काही बोललो नाही. ते रागावलेत असं मला वाटत होतं. घराच्या पायरीवर चपला काढताना त्यांनी माझ्या हनुवटीवरचा उरलेला डिंक नखाने खरवडला आणि म्हणाले, ''दाढी अच्छी थी रे. खाली कंगी नई मारा उन्ने.''