कुराणपठणाचे नामवंत कारी: मजकूर एकच, मग आवाज इतके वेगळे कसे?

रमजानच्या दिवसांत फोनवर रील्स चाळताना एक व्हिडिओ हमखास समोर येतो. जुनं कृष्णधवल चित्रण, गच्च भरलेली मशीद आणि लाल टोपीवर पांढरा फेटा बांधलेला एक माणूस. तो अरबीत पठण करतोय. ओळ लांबत जाते, पण श्वास काही तुटत नाही. शेवटी तो थांबतो आणि सगळी मशीद एका आवाजात ‘अल्लाह!’ म्हणून दाद देते. खाली प्रतिक्रियांमध्ये दोन प्रश्न ठरलेले असतात. हे कोण आहेत? आणि हे गाणं आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा ‘इजिप्तचे अब्दुल बासित अब्दुल समद’ असं असतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, पण ते का, हे समजून घ्यायचं तर या पठणात काय बांधलेलं असतं आणि काय मोकळं असतं, हे पाहावं लागतं.

मुळात ऐकण्याचा ग्रंथ

‘कुराण’ या अरबी शब्दाचा अर्थच ‘पठण’ असा होतो. ११४ सूरांचा हा ग्रंथ शिकवण्याची जुनी पद्धत तोंडी आहे. गुरू म्हणून दाखवतो, शिष्य तसंच म्हणतो आणि चूक झाली की तिथेच दुरुस्त होते. शिष्य तयार झाला की गुरू त्याला ‘इजाजत’ देतो. त्यात गुरूचा गुरू, त्याचा गुरू अशी साखळी थेट प्रेषित मुहम्मदांपर्यंत नोंदवलेली असते.

इथे दोन शब्दांची गल्लत होते. ज्याला संपूर्ण कुराण पाठ आहे तो हाफिज. ज्याने पठणाची विद्या शिकली आहे आणि जो लोकांसमोर पठण करतो तो कारी. मशिदीतून दिवसातून पाच वेळा ऐकू येते ती अजान, आणि ती कुराणातली नाही. ती नमाजची हाक आहे.

अक्षरांचे नियम पक्के

पठणाच्या उच्चारशास्त्राला ‘तजवीद’ म्हणतात. कोणतं अक्षर घशातून यावं, कोणतं टाळूवरून, हे त्यात ठरलेलं आहे. स्वर किती लांबवायचा हेही मात्रांमध्ये मोजलेलं असतं. साधा दीर्घ स्वर दोन मात्रांचा, तर काही ठिकाणी तो सहा मात्रांपर्यंत ओढावा लागतो. काही जागी नाकातून गुंजन येतं, तेही दोन मात्रांचं. पाच व्यंजनं अशी आहेत की त्यांच्यावर थांबताना हलकासा झटका द्यावा लागतो. कुठे थांबायचं, कुठे थांबायचं नाही, हेही नियमात बसवलेलं आहे, कारण भलत्या जागी श्वास घेतला तर अर्थ उलटू शकतो.

वेदपठणात स्वर आणि मात्रा चुकू नयेत म्हणून जो कटाक्ष असतो, तो आठवला तर ही शिस्त समजायला सोपी जाते.

याशिवाय ‘किराअत’ म्हणजे पठणाच्या मान्य परंपरा आहेत. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी त्यांपैकी सात परंपरा प्रमाण मानल्या. पुढे इब्न अल-जझरी यांनी दहा परंपरांची मांडणी केली. त्यांच्यात काही शब्दांच्या उच्चारात फरक पडतो. पहिल्याच सूरेत एक शब्द कोणी ‘मालिक’ म्हणतं, तर कोणी ‘मलिक’. पहिल्याचा अर्थ धनी, दुसऱ्याचा राजा. मराठीतला ‘मालक’ त्याच घरातला शब्द आहे. दोन्ही पाठ बरोबर मानले जातात. आज जगात सर्वाधिक चालते ती ‘हफ्स’ परंपरा. मोरोक्को, अल्जीरिया आणि पश्चिम आफ्रिकेत ‘वर्श’ ऐकू येते, लिबियात ‘कालून’, तर सुदानमध्ये ‘अद-दूरी’.

सूर मात्र मोकळा

इतकं सगळं ठरलेलं असताना एक गोष्ट ठरलेली नाही. ती म्हणजे चाल. कुराणाला स्वरलिपी नाही आणि कोणत्याही आयतीची चाल नेमून दिलेली नाही. ती कारी त्या क्षणी स्वतः घडवतो. म्हणूनच दोन कारींचं पठण सारखं होत नाही. एकाच कारीचं कालचं आणि आजचं पठणही सारखं होईलच असं नाही.

पठणाच्या मुख्य रीती दोन आहेत. ‘मुरत्तल’ ही साधी, एकसलग रीत. नमाजमध्ये, शिकताना आणि रोजच्या वाचनात ती वापरतात. ‘मुजव्वद’ ही संथ, आलंकारिक रीत. सभेत, मोठ्या कार्यक्रमात किंवा कोणाच्या निधनानंतरच्या बैठकीत कारी एकेक ओळ दोन-तीनदा, दर वेळी निराळ्या अंगाने म्हणतो. मधले विराम लांब असतात आणि तिथेच श्रोत्यांची दाद येते.

मुजव्वद पठण अरबी ‘मकाम’ पद्धतीवर चालतं. मकाम म्हणजे ढोबळमानाने राग म्हणता येईल अशी स्वरांची चौकट. बयाती, रास्त, हिजाझ, सबा, नहावंद, सीका आणि अजम ही नेहमीची सात नावं. हिजाझचे पहिले चार स्वर सा, कोमल रे, शुद्ध ग आणि म असे जातात, म्हणून भैरव ओळखणाऱ्या कानाला तो जवळचा वाटतो. बयातीतला रे मात्र कोमल आणि शुद्ध यांच्या साधारण मधोमध बसतो. हार्मोनियमवर तो सापडणार नाही. कारी सहसा बयातीत सुरुवात करतो, इतर मकामांतून फिरतो आणि शेवटी बयातीतच परततो. सबा शोकासाठी ओळखला जातो.

पण सुरासाठी मात्रा कमी-जास्त करायची मुभा नाही. तान घेण्यासाठी एखादं अक्षर सहाच्या जागी दहा मात्रा ओढलं, तर जाणकार त्याला चूक म्हणतात. साथीला वाद्य नसतं, ठेका नसतो. आधी शब्द, मग सूर हा क्रम बदलत नाही. म्हणून याला गाणं म्हणत नाहीत. त्यासाठी ‘तिलावत’ हा वेगळा शब्द आहे.

इजिप्तचे पाच आवाज

विसाव्या शतकात या कलेची राजधानी होती कैरो. रेडिओने तिथले आवाज जगभर नेले.

*मुहम्मद रिफअत (१८८२–१९५०).* लहानपणीच त्यांची दृष्टी गेली. ३१ मे १९३४ रोजी इजिप्तचं सरकारी रेडिओ केंद्र सुरू झालं, ते त्यांच्या पठणाने. पवित्र शब्द यंत्रातून कुठेही, कोणाच्याही कानावर पडावेत का, यावर तेव्हा वाद होता आणि त्यांनी आधी धर्मपंडितांचा सल्ला घेतला, असं सांगतात. आवाज मऊ, विनवणीसारखा. घशाच्या आजाराने १९४०च्या दशकात त्यांचं पठण थांबलं. त्यांचं जे काही आज ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं एका चाहत्याने घरी रेडिओवरून मुद्रित करून ठेवल्यामुळे उरलं आहे. इजिप्तमध्ये रमजानचा उपवास सोडण्याची वेळ आणि रिफअत यांचा आवाज हे नातं आजही टिकून आहे.

*मुस्तफा इस्माईल (१९०५–१९७८).* तांता शहराजवळच्या गावातले. मकामांवर त्यांची पकड संगीतकारांनाही थक्क करायची. ओळीच्या अर्थानुसार ते मकाम बदलत. इशारा आला की एक रंग, दिलासा आला की दुसरा. राजा फारूक यांच्या राजवाड्यात त्यांचं पठण होत असे. पुढे १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात जेरुसलेमला गेले, तेव्हा तेही सोबत होते.

*महमूद खलील अल-हुसरी (१९१७–१९८०).* तेही तांता परिसरातलेच, पण रीत अगदी उलट. सजावट जवळपास नाही, प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ. लबीब अस-सईद यांच्या प्रयत्नातून संपूर्ण कुराण मुरत्तल रीतीने ध्वनिमुद्रित करण्याचं काम निघालं, तेव्हा पहिली निवड अल-हुसरी यांची झाली. हे मुद्रण १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं. छापील ग्रंथासारखा प्रमाण ‘ऐकीव ग्रंथ’ असावा, हा त्यामागचा विचार होता. ज्या गावात जाणकार गुरू नाही तिथेही शुद्ध पठण पोहोचणार होतं. १९६४ मध्ये कैरोत कुराणासाठी स्वतंत्र रेडिओ केंद्र सुरू झालं. आजही नवशिक्यांना सर्वांत आधी अल-हुसरी ऐकायला सांगतात.

*मुहम्मद सिद्दीक अल-मिन्शावी (१९२०–१९६९).* दक्षिण इजिप्तमधल्या सोहाग भागातले. वडीलही नामवंत कारी. त्यांच्या आवाजात दाटून आलेला कंठ जाणवतो, पण तो कुठेही ओढूनताणून आणलेला वाटत नाही. वयाच्या ४९ व्या वर्षी ते गेले.

*अब्दुल बासित अब्दुल समद (१९२७–१९८८).* दक्षिणेतल्याच अरमंतचे. १९५१ मध्ये रेडिओवर आले आणि थोड्याच वर्षांत देशोदेशी बोलावणी येऊ लागली. लांब दम, वरच्या पट्टीतही न फाटणारा झळझळीत आवाज आणि नेमक्या जागी थांबून शांततेचा केलेला वापर ही त्यांची ओळख. भारतीय उपखंडात ‘कारी अब्दुल बासित’ हे नाव कॅसेटच्या काळापासून घराघरात पोहोचलं. १९८४ मध्ये इजिप्तच्या कारींची संघटना स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष होते.

कैरोकडून मक्केकडे

१९८०च्या दशकात चित्र बदललं. आखाती देशांत नोकरीला गेलेले लोक परतताना तिथल्या कॅसेट घेऊन येऊ लागले. १९८४ पासून मक्केच्या मुख्य मशिदीत नमाज पढवणारे अब्दुर्रहमान अस-सुदैस आणि त्यांचे सहकारी सऊद अश-शुरैम यांचे आवाज प्रसारणांतून जगभर गेले. ही रीत मुरत्तल आहे. गती जास्त, मकामांची फिरत कमी आणि मागे भव्य मशिदीचा घुमणारा नाद. इथे दाद नसते, कारण हे सभेतलं नव्हे, नमाजमधलं पठण आहे. कुवेतचे मिशारी राशिद अल-अफासी यांनी त्याच साधेपणाला गोड, नितळ आवाजाची जोड दिली. यूट्यूब आणि अ‍ॅपच्या पिढीला त्यांचा आवाज ओळखीचा आहे.

यातून एक गोष्ट साधली. फोन असलेल्या कोणालाही शुद्ध पठण ऐकायला मिळू लागलं. पण दुसरी गोष्ट निसटू लागली. अनेक देशांत तरुण कारी आपल्या भागाची चाल सोडून मक्केच्या आवाजाची नक्कल करू लागले.

सुदानचे नूरैन मुहम्मद सिद्दीक हे याचं ठळक उदाहरण. सुदानी लोकसंगीत पाच स्वरांचं आहे, आपल्याकडच्या भूप किंवा दुर्गासारखं. नूरैन त्याच पाच स्वरांच्या वळणाने, अद-दूरी परंपरेत पठण करत. नोव्हेंबर २०२० मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं. त्यानंतर त्यांचे व्हिडिओ दूरवर पसरले आणि आफ्रिकी वळणाचं पठणही तितकंच जुनं आणि तितकंच शुद्ध असू शकतं, ही चर्चा नव्याने सुरू झाली.

यादीत स्त्रिया कुठे आहेत?

१९३०च्या दशकात कैरोच्या रेडिओवर मुनीरा अब्दुह यांच्यासारख्या स्त्रियांचं पठण ऐकू येत असे. पुढे स्त्रीचा आवाज परपुरुषांनी ऐकण्यावर आक्षेप आले आणि ते बंद झालं. इंडोनेशियात मात्र परंपरा वेगळ्या वाटेने गेली. तिथे १९६८ पासून राष्ट्रीय पातळीवर पठणस्पर्धा होतात आणि त्यात स्त्रियाही उतरतात. पूर्व जावातल्या मारिया उल्फा यांनी १९८० मध्ये मलेशियातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्या इजिप्शियन वळणाचं मुजव्वद पठण करतात आणि पुढे त्यांनी शेकडो विद्यार्थ्यांना शिकवलं.

ऐकताना आणि शेअर करताना

- फरक कळायला एकच छोटी सूरा अल-हुसरी आणि अब्दुल बासित या दोघांच्या आवाजात लागोपाठ ऐकावी. मजकूर तोच, पण लागणारा वेळ आणि चाल पूर्ण वेगळी असते.
- व्हिडिओत मध्ये दाद येत असेल तर बहुधा ते सभेतलं मुजव्वद पठण असतं. सलग आणि वेगाने चाललं असेल तर मुरत्तल.
- पठणाच्या मागे वाद्यसंगीत जोडलेली रील पुढे पाठवू नये. बहुतेक मुस्लिमांना ते खटकतं.
- ओळखीचा शब्द थोडा वेगळा ऐकू आला म्हणून कारी चुकला असं लगेच ठरवू नये. परंपरा वेगळी असू शकते.

महाराष्ट्रातल्या मशिदींमध्येही ही परंपरा रमजानच्या रात्री जवळून दिसते. तरावीहच्या नमाजमध्ये हाफिज रोज थोडं थोडं करत महिनाभरात संपूर्ण कुराण पाठ म्हणतात. मागच्या रांगेत दुसरे हाफिज लक्ष देऊन ऐकत उभे असतात. पुढच्याचा एखादा शब्द अडला किंवा चुकला, की ते मागून तो बरोबर म्हणून देतात. याला ‘लुकमा देणं’ म्हणतात. चुकलेल्या शब्दासाठी लुकमा मिळतो, चालीसाठी मात्र कोणी देत नाही. ती ज्याची त्याची असते.