चिठ्ठीत निघालेली गावं

विष्णुपुरीला विद्यापीठात पीएच.डी.च्या मुलांना मी संशोधननीती शिकवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली हा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्यात सगळा भर वाङ्मयचौर्य, बनावट आकडे आणि निबंध कुठे छापावा यावर. माणसांवरच्या प्रयोगांचा विषय निघाला की पुस्तकं नाझी डॉक्टरांवर खटला चाललेल्या न्यूरेंबर्गला आणि सिफिलिसचा प्रयोग झालेल्या टस्कीगीला जातात. मी लातूर ओलांडून उस्मानाबादला जातो. आता धाराशिव म्हणतात. ही हकीकत उस्मानाबाद होतं तेव्हाची.

1999 च्या सुमारास तिथे एक मोठी चाचणी सुरू झाली. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था. पैसा गेट्स फाउंडेशनचा. प्रश्न रास्त होता: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कोणती तपासणी खेड्यात जीव वाचवते? 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 समूह, चार गट. एका गटाला एचपीव्ही चाचणी, म्हणजे या कर्करोगामागच्या विषाणूची; दुसऱ्याला पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी काचेवर घेऊन तपासणं; तिसऱ्याला ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटात 31,488 बायका. त्यांना नेहमीचीच सेवा, म्हणजे तपासणी नाही.

कोणतं गाव कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. शेजारणीला तपासणी मिळाली नि आपल्याला नाही, असं होऊ नये म्हणून गावच्या गाव एका गटात घालण्याची ही पद्धत शास्त्राच्या दृष्टीने चोख आहे. पण मग बाईला विचारण्याआधीच तिच्या गावाचं ठरलेलं असतं. त्यात किल्लारीचा भूकंप होऊन सहाच वर्षं झालेली. उमरगा-लोहाऱ्याकडच्या माणसांना वही घेऊन येणाऱ्यांची सवय झाली होती, नाव सांगायचं, अंगठा उमटवायचा. अशा मुलखात संमती किती खोल जात असेल, याबद्दल मला शंका आहे. ती माझी, पुराव्याची नव्हे.

2009 च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये निकाल छापून आला. आठ वर्षांत एचपीव्ही गटातल्या 34,126 बायकांपैकी 34 या कर्करोगाने गेल्या. तपासणी न झालेल्या गटात 64. एकच चाचणी आणि मृत्यू जवळपास निम्मे. जागतिक आरोग्य संघटना आज हीच चाचणी आधी करा म्हणते, त्यामागे उस्मानाबादच्या बायका आहेत. हे मी मुलांना आधी सांगतो, नाहीतर पोरं लगेच खलनायक शोधायला लागतात.

एरिक सुबा या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने पुढे हिशेब मागितला. उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतल्या दिंडिगुल अशा तीन चाचण्यांत तपासणीविना ठेवलेल्या गटांतल्या किमान 254 बायका या रोगाने गेल्या, असं त्याचं म्हणणं. पॅप स्मिअर 1940 च्या दशकापासून जगाला ठाऊक होती. मग काहीच तपासणी नसलेल्या गटाशी तुलना कशाला? संशोधकांचं उत्तर असं की भारतात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, मग आम्ही त्या बायकांचं काय हिरावलं? शिवाय पॅपला प्रयोगशाळा लागते, काच वाचणारं तयार माणूस लागतं. खेड्यात ते कुठून आणायचं?

दुसरा मुद्दा मला पटतो. पहिला पटत नाही. माणसांवरच्या संशोधनाचे नियम सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याने चाचणी सुरू झाल्यानंतर, 2000 साली, नवी पद्धत सध्याच्या पद्धतींतल्या उत्तमाशी ताडून पाहा असं म्हटलं. सध्याच्या म्हणजे कुठल्या? जगातल्या की उमरग्यातल्या? एकदा उमरगा म्हटलं की सरकारने जे दिलं नाही तेच शास्त्राचं माप होतं, आणि असं माप हवं असणाऱ्याने गरीब जिल्हा निवडला की झालं.

वर्गात वाद इथे पेटतो. सांख्यिकीची मुलं चौथ्या गटाच्या बाजूने उभी राहतात, समाजशास्त्राची उलट. मी मध्ये पडत नाही.

सरकारने तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं 2016 साली काढली, तीही डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीची. उस्मानाबादेत तिने मृत्यू म्हणावे तसे घटले नव्हते, मुंबईत मात्र घटले होते. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या दोन टक्क्यांहूनही कमी. बाकीच्या सगळ्या अजून चौथ्या गटातच आहेत.