सागवनाची तब्येत सांगणारे शेणकिडे

अकोट, अचलपूरकडे मेळघाटच्या पायथ्याला सागाच्या लागवडीत गुरे चरत असतील, तर पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांचा शेणाचा पो काठीने उलटून पाहा. खाली भुसभुशीत माती आणि बिळे दिसली, म्हणजे शेणकिडे कामाला लागले आहेत. पावसाळ्यातही पो जागीच वाळत असतील, तर काहीतरी बिघडले आहे. विरळणीने उघडी पडलेली सावली, तुडवून कडक झालेली जमीन, वणवा ही कारणे तपासा. एक कारण मात्र आपल्याच गोठ्यातले: आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावराच्या शेणात औषधाचा अंश अनेक दिवस उतरतो व किड्यांच्या अळ्या मरतात. त्या दिवसांत जनावर घरीच बांधा. उन्हाळ्यातल्या कोरड्या पोवरून निष्कर्ष काढू नका; तेव्हा किडे तसेही कमीच असतात.