शिट्टी वाजली, पण कशासाठी? मुलींच्या कॉलेज आईस हॉकीतल्या पंचगिरीचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले 'अं...' काढून टाकलेत.

थेट मुद्द्यावर येतो. २३ मार्च २०२५. अमेरिकेतलं मिनियापोलिस शहर, रिडर अरीना. मुलींच्या कॉलेज आईस हॉकीची राष्ट्रीय फायनल, विस्कॉन्सिन विरुद्ध ओहायो स्टेट. ओहायो स्टेट ३-२ ने पुढे, आणि घड्याळात अर्धा मिनिटही उरलेलं नाही. गोलसमोर नुसती झुंबड. काठ्या, बूट, हेल्मेट, आणि त्या ढिगाऱ्याखाली कुठेतरी पक. खेळ थांबतो. विस्कॉन्सिनचे कोच मार्क जॉन्सन रिव्ह्यू मागतात. त्यांचं म्हणणं असं की ओहायो स्टेटच्या एका खेळाडूने गोलसमोरच्या निळ्या भागात, म्हणजे क्रीजमध्ये, पक हाताने झाकला. गोलकीपरला ते चालतं, बाकी कोणाला नाही. शिक्षा एकच: पेनल्टी शॉट.

रेफरी स्क्रीनवर बघतात. बघतच राहतात. आणि पेनल्टी शॉट देतात. कर्स्टन सिम्स एकटी पक घेऊन जाते आणि गोल करते. घड्याळात उरलेले असतात १८.९ सेकंद. मग ओव्हरटाईममध्ये विजयी गोलही तीच मारते. विस्कॉन्सिन ४-३, आठवं विजेतेपद.

आता तुम्ही ओहायो स्टेटच्या बाजूने विचार करा. सबंध सीझन खेळलात, १९ सेकंदांवर कप आहे, आणि टीव्हीवर परत बघून कोणीतरी सांगतं की थांबा, एक हात दिसतोय. नियमाने निर्णय बरोबर? माझ्या मते हो. पण असे ढिगारे प्रत्येक मॅचमध्ये दहा वेळा होतात आणि तेव्हा कोणी हात मोजत बसत नाही. हेही तितकंच खरं. आपल्याकडे डीआरएस आल्यावर 'अंपायर्स कॉल'वरून गल्लोगल्ली जे वाद झाले ना, तसाच हा मामला.

मला मात्र यातून दुसराच प्रश्न पडला. मुलींच्या कॉलेज हॉकीत पंचगिरीबद्दल इतकी तक्रार का असते? 'रेफरी खराब' हे प्रत्येक खेळात म्हणतात, त्यात नवीन काही नाही. पण इथे मुळातच काहीतरी गुंता आहे, आणि त्याची मुळं जुनी आहेत.

थोडं मागे जाऊ. १९६४ च्या सुमारास ब्राऊन विद्यापीठाच्या पेम्ब्रोक या मुलींच्या कॉलेजात एक टीम उभी राहिली, नाव पेम्ब्रोक पांडाज. अमेरिकेतली मुलींची पहिली कॉलेज टीम म्हणून तिचं नाव घेतात. १९७२ साली टायटल नाईन कायदा आला: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, खेळातसुद्धा. त्यानंतर टीम्स वाढत गेल्या. पण वेग बघा. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संस्था, तिने मुलींच्या आईस हॉकीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली ती २००१ साली. कायदा आणि स्पर्धा यांच्यात २९ वर्षं! त्या पहिल्या स्पर्धेत टीम्स होत्या फक्त चार. मिनेसोटा डुलुथ जिंकली, सेंट लॉरेन्सला ४-२ ने हरवून.

खेळाडू अशा हळूहळू वाढल्या. मग मुलींचा खेळ ओळखणारे रेफरी कुठून येणार होते? ते काही आकाशातून पडत नाहीत. ते तयार होतात जुन्या खेळाडूंमधून. आणि जिथे जुन्या खेळाडूच मोजक्या, तिथे शिट्टी साहजिकच मुलांच्या हॉकीतून आलेल्या पुरुषांच्या तोंडात. त्यांचा डोळा मुलांच्या खेळावर बसलेला.

यात वाईट काय? तर इथे येतो सगळ्यात मोठा गुंता: बॉडी चेक.

आईस हॉकी न बघितलेल्यांसाठी सांगतो. मुलांच्या खेळात पक असलेल्या खेळाडूला अंगाने धडक देऊन पाडणं कायदेशीर आहे. त्यालाच बॉडी चेक म्हणतात. मुलींमध्येही एकेकाळी हे चालायचं. १९९० साली ओटावाला महिलांची पहिली अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, त्यात बॉडी चेकला परवानगी होती. फायनलमध्ये कॅनडाने अमेरिकेला ५-२ ने हरवलं. त्या स्पर्धेनंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने महिलांच्या हॉकीतून बॉडी चेक काढून टाकला. देशादेशांच्या टीम्समध्ये ताकदीचा आणि अनुभवाचा फरक प्रचंड होता, हे लक्षात घ्या. कॉलेजच्या खेळातही बंदीच राहिली.

ऐकायला सोपं वाटतं, नाही का? धडक बंद, विषय संपला. पण बर्फावर ताशी तीस-पस्तीस किलोमीटरने दोघी एकाच पकच्या मागे जातायत, बाजूला भिंत आहे. अंगाला अंग लागणारच. म्हणून नियम म्हणतो की संपर्क चालेल, धडक चालणार नाही. जागा अडवणं चालेल, आडवं पाडणं चालणार नाही. मग या दोहोंतली रेघ कुठे? तर खेळाडूचं लक्ष पककडे होतं की समोरचीला पाडण्याकडे, यावर.

म्हणजे रेफरीने अर्ध्या सेकंदात मनातलं ओळखायचं.

मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे असं स्पेसिफिकेशन आलं तर आम्ही क्लायंटला परत पाठवतो, 'बाबा रे, हे नक्की काय पाहिजे ते लिहून दे.' कारण दोन डेव्हलपर त्याचे दोन अर्थ काढणार आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असणार. इथे नेमकं तेच होतं. शुक्रवारी एक रेफरी भिंतीजवळची झटापट सोडून देतो, शनिवारी त्याच दोन टीम्सच्या मॅचमध्ये दुसरा रेफरी त्याच झटापटीला दोन मिनिटांची पेनल्टी देतो. दोन मिनिटं म्हणजे तुमची एक खेळाडू बाहेर, चौघी विरुद्ध पाच. एवढ्यात मॅच फिरते. म्हणून मुलींच्या कॉलेज हॉकीत तक्रार ऐकू येते ती 'चुकीचा निर्णय दिला' यापेक्षा जास्त 'काल एक, आज एक' अशी. सातत्य नाही ही.

त्यात बर्फावर डोळे किती, हाही प्रश्न आहेच. जुन्या पद्धतीत पेनल्टी देणारा मुख्य रेफरी एकच, आणि सोबत दोन लाईन्समन, जे प्रामुख्याने ऑफसाईड वगैरे बघतात. पक एका टोकाला आणि भानगड दुसऱ्या टोकाला झाली की संपलं. पुरुषांच्या एनएचएलने १९९८ पासून टप्प्याटप्प्याने दोन रेफरी आणले. महिलांच्या हॉकीला ही चैन बऱ्याच उशिरा मिळाली. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकची फायनलसुद्धा एका मुख्य रेफरीवरच झाली.

ती फायनल आणि त्याआधीची २००२ ची, दोन्ही या गोष्टीत यायलाच हव्यात. त्या कॉलेजच्या मॅचेस नव्हत्या, पण बर्फावर अमेरिकन कॉलेजांत घडलेल्या कितीतरी खेळाडू होत्या. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत कॅनडा विरुद्ध अमेरिका, आणि रेफरी अमेरिकन, स्टेसी लिव्हिंगस्टन. मध्ये एक काळ असा आला की सलग आठ पेनल्ट्या कॅनडालाच! तरी कॅनडाने ३-२ ने सुवर्ण जिंकलं. आता, रेफरी पक्षपाती होती असं मी म्हणणार नाही, मनातलं मला कसं कळणार? पण फायनल खेळणाऱ्या दोन देशांपैकीच एकाचा रेफरी नेमला, ही चूक तिची नव्हे, नेमणाऱ्यांची.

सोचीत रेफरी ब्रिटनच्या होत्या, जॉय टॉटमन. अमेरिका २-१ ने पुढे असताना केली स्टॅकने लांबून मारलेला पक रिकाम्या गोलच्या खांबाला लागून बाहेर गेला. मग शेवटचं मिनिट सुरू असताना मरी-फिलिप पुलांने बरोबरी साधली. ओव्हरटाईममध्ये थोड्याच वेळात एकापाठोपाठ पेनल्ट्या झाल्या, दोन्ही बाजूंना, आणि चौघी विरुद्ध तिघी अशा स्थितीत पुलांनेच सुवर्णाचा गोल केला. त्या पेनल्ट्यांवर अजून वाद घालणारे लोक आहेत. मला विचाराल तर खांब दोन बोटं पलीकडे असता तर कोणालाच रेफरीचं नाव आठवलं नसतं.

कॉलेजकडे परत येऊ. तिथे एका चुकीची किंमत जास्त का, ते समजून घ्या. राष्ट्रीय स्पर्धेत जागाच मोजक्या. २००१ ला चार, २००५ पासून आठ, आणि २०२२ पासून अकरा. मुलांच्या स्पर्धेत सोळा. जागा कमी म्हणजे सीझनमधली एखादी हार, एखादी बरोबरीसुद्धा टीमला घरी बसवू शकते. आणि खेळाडूला चारच वर्षं मिळतात. एनएचएलमधल्या पोराला वाटतं, पुढच्या वर्षी बघू. या मुलींसाठी कित्येक वर्षं कॉलेजनंतर पोट भरेल अशी लीगच नव्हती. पीडब्ल्यूएचएल ही व्यावसायिक लीग सुरू झाली १ जानेवारी २०२४ ला, अगदी कालपरवा.

बरं, रेफरींची बाजू? कॉलेजचे रेफरी हे काम पोटापाण्याचं म्हणून करत नाहीत, त्यांच्या नोकऱ्या वेगळ्या असतात. शुक्रवारी ऑफिस सुटलं की गाडी काढायची, बर्फातून दोन-तीन तास चालवत जायचं, रात्री मॅच, शनिवारी परत मॅच. १० मार्च २००७ ला विस्कॉन्सिन आणि हार्वर्डची मॅच चार ओव्हरटाईमपर्यंत चालली आणि विस्कॉन्सिन १-० ने जिंकली. खेळाडू आळीपाळीने बाकावर बसतात हो, रेफरीला बाकच नाही!

पैशाचं म्हणाल तर शेजारच्या खेळातलं उदाहरण देतो. कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलींच्या मॅचेसच्या रेफरींना मुलांच्या मॅचेसपेक्षा कमी मानधन मिळायचं. २०२१ साली एनसीएएवर समानतेवरून टीका झाली, चौकशी अहवाल आला, आणि २०२२ पासून ते सारखं केलं. खर्च किती वाढला? सुमारे एक लाख डॉलर. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या संस्थेला ही रक्कम म्हणजे चहापाणी. तेवढ्यासाठी इतकी वर्षं लागली, याचा मला अजूनही राग येतो.

आता जरा बरी बातमी. ज्या मुली या कॉलेज टीम्समधून खेळल्या, त्यातल्या काही शिट्टी घेऊन परत बर्फावर आल्या. केटी ग्वे ब्राऊनची, म्हणजे त्याच पांडाजच्या विद्यापीठाची. केली कुक प्रिन्स्टनची, कर्स्टन वेल्श रॉबर्ट मॉरिसची. २०१९ साली बॉस्टनच्या चार कॉलेजांच्या बीनपॉट या मुलांच्या मानाच्या स्पर्धेत पंचगिरी करणारी ग्वे ही पहिली बाई. त्याच वर्षी या तिघी आणि केंडल हॅनली यांना एनएचएलने नवोदित खेळाडूंच्या स्पर्धांसाठी बोलावलं. २०२१ मध्ये एएचएलने, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगने, एकदम दहा महिला अधिकारी घेतल्या. आपल्याकडे २०२३ च्या जानेवारीत मुंबईच्या वृंदा राठी, जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन रणजीत उभ्या राहिल्या, तेव्हा आपल्याला जसं वाटलं तसंच तिकडेही वाटलं असणार.

पण यात एक मेख आहे. चांगल्या रेफरीची बढती म्हणजे मुलांच्या लीगमध्ये जाणं. मुलींचा खेळ खेळून, त्यातली ती अंधुक रेघ अंगात मुरवून जी तयार झाली, तीच वर निघून जाते आणि मुलींच्या मॅचला पुन्हा नवा माणूस. ग्वे आणि कुकने जाऊ नये असं मी म्हणत नाही, जावंच. पण मुलींच्या फायनलला उभं राहणं हीच बढती वाटावी, एवढा मान आणि पैसा तिथे ठेवा ना!

आणि ती रेघ आता पुन्हा सरकतेय. स्वीडनच्या महिला लीगने २०२२-२३ च्या सीझनपासून बॉडी चेकला परवानगी दिली. पीडब्ल्यूएचएलमध्येही धडकाधडकीला कॉलेजपेक्षा जास्त मोकळीक आहे. म्हणजे कॉलेजात जे केल्यावर दोन मिनिटं बाहेर बसावं लागायचं, तेच पदवी घेतल्यावर चांगला बचाव ठरू शकतं. कॉलेजच्या कोचने मग शिकवायचं काय? आणि जो रेफरी रविवारी कॉलेजची मॅच घेतो आणि मंगळवारी दुसऱ्या कुठल्या लीगची, त्याने भिंतीजवळ दोघी एकमेकींवर आदळल्या की हात वर करायचा की नाही?

तुम्हाला काय वाटतं ते कळवा, विशेषतः तुमच्यापैकी जे विस्कॉन्सिन किंवा मिनेसोटाकडे शिकताय त्यांनी. तिकिटं स्वस्त असतात, एकदा जाऊन बघा. भिंतीजवळची जागा घ्या.