लक्ष्मी स्वस्त झाली तेव्हा

मोठ्या नावाने स्वस्त माल काढावा की काढू नये, हा व्यापारातला फार जुना प्रश्न आहे. शालूंची पेढी चालवणाराने सुती लुगडी विकायला ठेवली, तर शालू घेणारी घराणी पाठ फिरवतील, ही भीती एका बाजूला. आणि पंचक्रोशीत शालू घेणारी घरे दोनच असली, तर पेढी चालायची कशी, ही विवंचना दुसऱ्या बाजूला. अलीकडे आमच्या शिक्षकांच्या खोलीत हाच वाद एका लॅपटॉपवरून रंगतो. श्रीमंतांच्या टेबलावर शोभणारी यंत्रे करणारी एखादी कंपनी विद्यार्थ्याला परवडेल असे यंत्र काढते, तेव्हा ‘यात काहीतरी कमी केलेले असणारच’ असे एक जण म्हणतो, आणि ‘नाव तर तेच आहे ना!’ असे दुसरा म्हणतो. दोघांचेही खरे असते. मला मात्र असा वाद ऐकला की सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक चित्रकार आठवतो. हाच डाव त्याने आपल्या महाराष्ट्रात, आधी मुंबईला आणि मग मळवलीला मांडला होता. आणि त्या डावातले एक पान लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अजूनही कितीतरी घरांत पाटावर, हिशेबाच्या वह्यांशेजारी, मांडलेले असते.

राजा रविवर्मा हे नाव वाचकांना नवे नाही. १८४८ साली त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे त्यांचा जन्म झाला. तैलरंगांची युरोपीय विद्या त्यांनी आत्मसात केली आणि तिच्यात आपल्या पुराणांतली माणसे बसवली. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले, १८९३ मध्ये शिकागोला पदके मिळाली. चित्रे घेणारे कोण? राजे, दिवाण आणि मोठे इंग्रज अधिकारी. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून पौराणिक विषयांवरची चौदा चित्रे करवून घेतली आणि त्यांचे पन्नास हजार रुपये दिले, असे चरित्रकार नमूद करतात. त्या काळातले पन्नास हजार! आजच्या भाषेत बोलायचे, तर हा माल राजवाड्याच्या दालनासाठीच होता. सामान्य माणसाने तो प्रदर्शनात गर्दी करून पाहायचा आणि घरी परतायचे.

या गर्दीतच पुढच्या गोष्टीचे बीज होते. त्रावणकोर आणि बडोदा या दोन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे दूरदृष्टीचे गृहस्थ. त्यांनी १८८४ मध्येच रविवर्म्यांना सुचवले होते की, तुमच्या चित्रांना मागणी इतकी आहे की एकट्या दोन हातांनी ती कधीच पुरी व्हायची नाही. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात. त्यात कीर्तीही आहे आणि देशसेवाही आहे. रविवर्म्यांनी हा सल्ला मनात ठेवला. परंतु चित्रे परदेशी पाठवण्याऐवजी परदेशचा छापखानाच इकडे आणला. १८९४ साली मुंबईत गोवर्धनदास खटाव मखनजी या व्यापाऱ्याच्या भागीदारीत त्यांचा शिळाछापाचा कारखाना सुरू झाला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीचे. पहिले छापील चित्र निघाले ते ‘शकुंतला जन्म’.

आता खरी परीक्षा होती ती मूळ चित्रातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, याची. स्वस्ताईचे सगळे शास्त्र या एका निवडीत आहे. रविवर्म्यांनी कॅनव्हास सोडला आणि कागद घेतला. भिंतभर आकार सोडला. मोठे ताव, लहान ताव, पुढे पोस्टकार्डेसुद्धा काढली. ‘ही एकच प्रत जगात आहे’ हा मालकाचा अभिमान तर छापखान्यात शिरताच संपला. पण चेहरा सोडला नाही. डोळ्यांतले पाणी, लुगड्याच्या जरीची चमक, दागिन्यावरचा प्रकाश या गोष्टी त्यांनी हट्टाने राखल्या, आणि त्या राखण्यासाठी खर्च केला.

तो खर्च कसा, हेही पाहण्यासारखे आहे. शिळाछाप म्हणजे खरोखरच शिळा. बव्हेरियातल्या खाणींचा गुळगुळीत चुनखडीचा दगड. एका रंगाला एक दगड. एका चित्रात जितके रंग, तितके दगड, आणि तितक्या वेळा तोच कागद यंत्रातून जायचा. प्रत्येक वेळी तो तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरायचा. शेवटी वर रोगण, आणि कॅनव्हासच्या विणीसारखा उठाव. लांबून पाहणाराला तैलचित्राचा भास व्हावा, एवढ्यासाठी ही सगळी खटपट. म्हणूनच या प्रकाराला ‘ओलिओग्राफ’, म्हणजे तैलछाप, म्हणत.

बाजार काही रिकामा नव्हता. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्येच चित्रशाळा निघाली होती, आणि तिचे रामपंचायतन घरोघर गेले होते. कलकत्त्यातही तसेच छापखाने होते. शिवाय देवादिकांची चित्रे थेट जर्मनीहून छापून येत. तेव्हा रविवर्म्यांचा माल बाजारात सगळ्यांत स्वस्त असणे शक्यच नव्हते. तो तैलचित्रापेक्षा कितीतरी स्वस्त होता, पण दुकानातल्या इतर तावांहून वरचढ दिसत होता. राजाच्या दालनाच्या खाली आणि बाजाराच्या फळीच्या वर जी मोकळी जागा होती, ती त्यांनी हेरली. कारकून, वकील, शिक्षक, पेढीवाला असा नवा मध्यमवर्ग त्या वेळी उदयाला येत होता. राजाच्या घरी आहे तीच देवी आपल्याही ओसरीवर असावी, ही त्याची आकांक्षा; आणि या आकांक्षेला परवडेल अशी किंमत हा त्या छापखान्याचा पाया.

लक्ष्मी आणि सरस्वती ही त्यांची चित्रे १८९६ सालची. कमळावर उभी असलेली चार हातांची लक्ष्मी आणि शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती हे रूप आज इतके आपले झाले आहे की, ते कुणा एका माणसाने रंगवले हेही ध्यानात येत नाही. आमच्या खानदेशात कानबाई बसते ती नारळाच्या मुखवट्यात. तिला चित्राची गरज नाही. गावदेवीचा तांदळा शेंदराने माखलेला, त्याला डोळे तेवढे असतात. अशा मुलखात माणसाच्या चेहऱ्याची, शेजारच्या माउलीसारखी दिसणारी देवी कागदावरून आली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातून आगगाडी सुरू झाली. शिंदखेड्याच्या स्टेशनातून कापसाच्या गाठी सुरतेकडे जाऊ लागल्या आणि परतीच्या डब्यांतून शहरी माल येऊ लागला. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण ताव दाखवला की ती म्हणे, “हाई आपली लक्षुमी शे.” चित्रकाराचे नाव तिला ठाऊक नव्हते. ‘आपली’ हा शब्द मात्र तिने लावला होता, आणि चौदा चित्रांच्या मालकाला जो अभिमान वाटला असेल, त्याहून हा शब्द लहान नाही.

मग छापखाना भरभराटीला आला असेल, असे वाचकांना वाटेल. झाले उलटेच. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग आला. कामगार पळाले, व्यवहार थंडावले. भागीदारी मोडली. कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. रविवर्म्यांचे धाकटे बंधू राजराज वर्मा हे सारे व्यवहार पाहत; पण दोघेही मुळात चित्रकार, संस्थानोसंस्थानी कामाला फिरणारे. यंत्रे, दगड, कागद, पगार यांचा खर्च रोजचा, आणि विक्रीचा पैसा हातात यायचा तो सावकाश, थोडाथोडा. वर नकला करणारे टपलेले. कर्ज वाढत गेले. अखेर विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हा कारखाना, कित्येक चित्रांच्या छपाईच्या हक्कांसह, तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकला गेला; किंमत पंचवीस हजार. चौदा चित्रांना पन्नास हजार, आणि अख्ख्या छापखान्याला त्याच्या निम्मे! स्वस्त मालात नफा असतो तो खपाच्या लाटेवर. ती लाट येईपर्यंत दम धरणारे भांडवल लागते, आणि चित्रकाराजवळ नेमके तेच नव्हते.

श्लायशरने मात्र ते यंत्र चालवले. त्याने इतर चित्रकारांची चित्रे छापली, जाहिरातींची आणि लेबलांची कामे घेतली. छापखान्याचे नाव रविवर्म्यांचेच राहिले. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी काम केले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला, तेव्हा देवादिकांना हालताबोलता पाहायला टपलेले डोळे या तावांनी आधीच तयार करून ठेवले होते. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. मळवलीचा कारखाना पुढे कैक वर्षे चालला आणि १९७२ मध्ये आगीत गेला.

मग स्वस्ताईने नाव बुडाले का? आनंद कुमारस्वामींसारख्या टीकाकारांनी रविवर्म्यांच्या कलेला नाटकी ठरवले, आणि घरोघरच्या छापील तावांमुळे ‘कॅलेंडरवाला’ हा शिक्का अनेक वर्षे त्यांच्यावर राहिला. परंतु मूळ चित्रांची किंमत काही उतरली नाही. २०२३ मध्ये यशोदा-कृष्णाचे त्यांचे एक तैलचित्र मुंबईच्या लिलावात ३८ कोटी रुपयांना गेले. ज्या नावाची लक्ष्मी रद्दीच्या भावात फिरली, त्याच नावाचे हे चित्र! माझ्या मते नावाला धक्का लागला तो किंमत उतरली म्हणून नव्हे. ज्या कामाला त्या हाताचा स्पर्शही झालेला नव्हता, त्यावरही तेच नाव छापले जाऊ लागले म्हणून. स्वस्त करणे वेगळे आणि नुसते नाव विकणे वेगळे. पहिल्यात घेणाराचा मान राखलेला असतो. दुसऱ्यात त्याच्या भोळेपणाचा हिशेब असतो.

दिवाळीच्या खरेदीत, मग ती लॅपटॉपची असो वा लुगड्याची, मोठ्या नावाचा स्वस्त माल समोर आला, तर नावाला भुलू नये आणि स्वस्ताईला नाकही मुरडू नये. एवढेच पाहावे की, कमी करताना त्यांनी कॅनव्हास कमी केला आहे की चेहरा. कॅनव्हास कमी केला असेल, तर खुशाल घ्यावे. चेहराच कमी केला असेल, तर ती वस्तू फुकट मिळाली तरी महागच म्हणायची.