साथीचे गणित आणि रुग्णालयाची सज्जता : मुंबईचा प्लेग ते कोरोना

प्रस्तावना :
साथ ओसरल्यानंतर मृतांच्या नोंदी मागे उरतात. त्यांच्या आधारे पुढील साथीत किती खाटा, किती प्राणवायू व किती परिचारिका लागतील हे आधी ठरविता येते काय, हा वैद्यकीय इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. रोगप्रसाराची प्रतिकृती कागदावर अथवा संगणकावर चालवून पाहणे म्हणजे सिम्युलेशन होय. या पद्धतीच्या पायाभरणीत मुंबईच्या आकडेवारीचा मोठा वाटा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

प्लेगचे आकडे आणि १९२७ चे समीकरण :
सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. घरझडती व सक्तीचे विलगीकरण यांमुळे लोकांच्या मनात रुग्णालयाची धास्ती बसली. मृत्यूंची आठवडेवार नोंद मात्र होत राहिली. त्यांपैकी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील आकडे केरमॅक व मॅकेंड्रिक या एडिंबरोतील संशोधकांनी १९२७ मध्ये आपल्या गणिती सिद्धान्ताच्या पडताळणीसाठी वापरले. मॅकेंड्रिक यांनी पूर्वी भारतीय वैद्यकीय सेवेत काम केले होते. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे झालेले वा मृत असे लोकसंख्येचे तीन गट त्यांनी कल्पिले. त्यांच्या वक्ररेषेचे शिखर आठवड्याला सुमारे ८९० मृत्यू इतके येते.

उंदीर व पिसवांमार्फत पसरणाऱ्या प्लेगला हे समीकरण ढोबळपणेच लागू पडत होते. शिवाय त्यात रुग्णालय नव्हते. मुंबईचे मृत एडिंबरोच्या गणिताला उपयोगी पडले. मुंबईच्या रुग्णाला मात्र त्या गणितातून खाट मिळाली नाही.

कोरोनाकाळातील प्रयोग :
२०२० मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था व बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी मुंबईचे संगणकीय प्रतिरूप तयार केले. झोपडपट्टी व इतर वस्ती, घर, कार्यालय आणि लोकल प्रवास यांचा त्यात स्वतंत्र विचार होता. निर्बंध शिथिल केल्यास रुग्णालयांवर किती भार पडेल, याचे अंदाज त्यातून मांडता आले. १९२७ च्या समीकरणात नसलेली खाट अशा रीतीने गणितात आली.

खानदेशातील नंदुरबार येथे हाच प्रश्न प्रशासकीय दूरदृष्टीने सोडविला गेला. पहिली लाट ओसरत असताना, अन्य देशांत पुन्हा वाढणारी रुग्णसंख्या पाहून, तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या काळात प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प उभारण्यात आले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत या आदिवासीबहुल जिल्ह्याला त्यांचा आधार मिळाला.

तथापि केवळ संख्या पुरेशी नसते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथील महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून २० हून अधिक रुग्ण दगावले. टाकी होती, प्राणवायू होता. खंडित झाला तो पुरवठा. म्हणून गणिताला प्रत्यक्ष सरावाची जोड हवी. २७ डिसेंबर २०२२ रोजी देशभरातील रुग्णालयांत झालेली रंगीत तालीम या दृष्टीने महत्त्वाची ठरते. खाटा, प्राणवायू, कृत्रिम श्वसनयंत्रे व मनुष्यबळ यांची तपासणी त्या वेळी करण्यात आली.

ग्रामीण भागाचा प्रश्न :
महानगराचे प्रतिरूप ग्रामीण भागाला जसेच्या तसे लागू पडत नाही. जामनेर तालुक्यातील पहूरसारख्या गावी निर्णायक ठरतो तो रुग्णवाहिका मिळण्यास व जळगाव गाठण्यास लागणारा वेळ. बाजारचा दिवस, कापूस वेचणीचा हंगाम, लग्नसराई यांमुळे माणसांचा संपर्क वाढतो, तोही हिशेबात धरावा लागेल. एकेकाळी कोतवाल बुकात गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी होत असत. तापाच्या रुग्णांची आठवडेवार नोंद तितक्याच नेमाने गावपातळीवर झाली, तरच असे प्रतिरूप उभे राहू शकेल.

समारोप :
मुंबईच्या प्लेगने जगाला साथीचे गणित दिले. परंतु त्या गणितात रुग्णाची खाट येण्यास शतक लोटले. ज्या गावाची नोंद नाही, त्या गावाची गरज कोणत्याही प्रतिरूपात दिसत नाही. अचूक नोंद, तिच्यावर आधारित अंदाज आणि त्या अंदाजानुसार वेळीच केलेला सराव, या तिन्हींची सांगड हीच रुग्णालयाची खरी सज्जता होय.